मुरमावर काय लावावं?

आपल्या गावगाड्यात जमिनीला दोन नावं होती : काळी आणि पांढरी. काळीत पेरायचं, पांढरीवर राहायचं. या दोन्हींत न बसणारी तिसरी जमीन म्हणजे मुरमाड बरड. बार्शीटाकळीच्या आसपास ती भरपूर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा काळा पाषाण, तो झिजून झालेला हा मुरूम. आमच्या गावातलं कालिका देवीचं हेमाडपंती मंदिर त्याच पाषाणाचं. तिथल्या शिलालेखात शके १०९८, म्हणजे इसवी सन ११७६ची नोंद आहे. पाषाणावर माणसानं अक्षरं कोरली; त्याच्या चुऱ्यावर फुलं कशी आणायची?

राजेरजवाड्यांच्या बागा इथं उपयोगी पडत नाहीत. सतराव्या शतकातल्या बिबी का मकबऱ्याच्या बागेत पाण्याचे पाट होते, कारंजी होती. ज्याच्याकडं पाटाचं पाणी, त्यानं काहीही लावावं. ज्याच्याकडं नाही, त्याचा इतिहास कुंपणात आणि कब्रस्तानात शोधावा लागतो.

कब्रस्तान बहुधा मुरमावरच असतं. काळी जमीन त्यासाठी कोण सोडणार? तिथं रोप लावणाऱ्याला ठाऊक असतं, की पाणी घालायला रोज कुणी येणार नाही. म्हणून निवड फार विचारानं होते. मेंदी, सब्जा, कडुनिंब, बोर, सीताफळ, चाफा. सब्जा दर पावसाळ्यात आपल्याच बियांतून उगवतो. अरबीत त्याला रेहान म्हणतात. चाफा उन्हाळ्यात पानं गाळतो आणि जाड फांद्यांतल्या ओलाव्यावर तग धरतो. सीताफळाच्या पानाला शेळी सहसा तोंड लावत नाही. यातले चाफा आणि सीताफळ मूळचे अमेरिकेकडचे. पण चाफा देवळातही फुलतो, कबरीवरही. त्याला कुणी परका म्हणत नाही.

सगळेच पाहुणे इतके गुणी नसतात. फड्या निवडुंगही अमेरिकेतलाच. ईस्ट इंडिया कंपनीला लाल रंग देणारा कोचिनील किडा हवा होता. त्याला निवडुंगावरच पोसतात. १७९५ साली भारतात ब्राझीलहून आलेला किडा भलत्याच जातीचा निघाला. त्यानं धड रंग दिला नाही, पण निवडुंगाची एक जात फस्त केली. दुसऱ्या जाती कुंपण ओलांडून रानोमाळ पसरल्या. त्यांना आवरण्यासाठी १९२६ साली दक्षिण भारतात दुसऱ्या जातीचा किडा मुद्दाम आणावा लागला. मुरमावर झाड जगतं एवढं पाहून भागत नाही. ते कुठं थांबतं, हेही पाहावं लागतं.

इंग्लंडात बेथ चॅटो या बागकार बाईंनी १९९१-९२ साली गाड्या उभ्या करायच्या खडीच्या जागेवर बाग केली. नियम एकच : रोपं रुजल्यावर वरून पाणी नाही. २०१८ साली त्या वारल्या. बागेचं नाव जगभर झालं. त्यांच्या एसेक्समध्ये पाऊस वर्षाला वीस इंचांच्या आसपास. आमच्याकडं त्याहून जास्त पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पुढचे आठ महिने कोरडे, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात. त्यामुळं त्यांची रोपं आपल्या कामाची नाहीत. त्यांची रीत कामाची आहे. झाडाचं माहेर कसं होतं ते विचारावं, मग त्याला सासर द्यावं.

म्हणून अंगणासाठी माझी यादी अशी : कुंपणाला मेंदी, उन्हात पिवळा तरवड, कडेला कोरफड आणि सदाफुली, सावलीला कडुनिंब, खायला बोर नि सीताफळ. मृगाच्या आधी खड्डा घ्यावा, त्यात काळी माती आणि शेणखत भरावं. रोपाभोवती दोन इंच मुरूम पसरावा. त्यानं ओल टिकते. दोन उन्हाळे पाणी द्यावं, मग हात आखडता घ्यावा. पहिल्या पावसात तरोटा आपोआप येईल. कोवळा असेल तोवर खुडून भाजी करावी.

आता नव्या घरांपुढं सिमेंटचे गट्टू बसतात, नाहीतर टँकरच्या पाण्यावर हिरवळ पोसली जाते. आमच्याच तालुक्यातल्या महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी अकोला शहर पितं. उन्हाळ्यात धरण आटू लागलं, की नळाला पाणी किती दिवसांनी येणार, हीच घरोघरची चर्चा. अशा मुलखात अंगणात काय लावायचं, हा नुसत्या हौसेचा प्रश्न राहत नाही. हिरवळीला घातलेली घागर कुणाच्या तरी माठातून कमी होते.