धर्मग्राम कार्यालयातील जुना संगणक बदलताना

चंद्रपूर आणि गडचिरोली हे वनव्याप्त जिल्हे चांदा धर्मप्रांतात मोडतात. सिरो-मलबार धर्मसभेचे हे मिशनक्षेत्र १९६२ मध्ये स्थापन झाले व १९७७ मध्ये त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. धर्माध्यक्षांचे आसन बल्लारपूर येथे आहे. धर्मग्राम कार्यालयात दाखले व पत्रके संगणकावर तयार करावयाची असल्यास तो संगणक किती जुना आहे याचा विचार आता टाळता येणार नाही. विंडोज १० या प्रणालीची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय, ४ जीबी मेमरी व ६४ जीबी जागा लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यापुढचा असावा लागतो. त्यापूर्वीचे बहुतेक डेस्कटॉप यात बसत नाहीत.

पौर्वात्य धर्मसभांच्या १९९० च्या विधिसंहितेतील कलम २९६ नुसार प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवणे बंधनकारक आहे. मूळ नोंद ती वहीतील, संगणकावरील ही तिची प्रत होय. तथापि विवाहाच्या तयारीत असलेल्या मुलामुलीस बाप्तिस्म्याचा दाखला या प्रतीवरूनच दिला जात असेल, तर प्रतीतील एका अक्षराची चूकही त्या कुटुंबास महागात पडते.

म्हणून यंत्रापेक्षा फॉन्टचा प्रश्न अधिक नाजूक आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर श्री-लिपी, आयएसएम, आकृती, कृतिदेव अशा साधनांनी टंकित होत असे. त्यांत प्रत्येकाची अक्षरांसाठीची संकेतरचना निराळी. फॉन्ट नसेल तर तोच मजकूर इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखा दिसतो. जुन्या संगणकातील फॉन्टची फाइल नव्यात बसविली की मजकूर बहुधा दिसू लागतो, परंतु टंकनाची आज्ञावली चालेलच असे नाही. विंडोज ११ केवळ ६४ बिटची आहे. ती १६ बिटच्या आज्ञावल्या चालवीत नाही व ३२ बिटचे ड्रायव्हर स्वीकारत नाही. आज्ञावलीसोबत समांतर पोर्टात लावण्याचे कुलूप, म्हणजे डोंगल, मिळालेले असेल तर त्यासाठी नव्या यंत्रात जागाच नसते.

मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हाच टिकाऊ उपाय होय. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे येथे हमखास अडखळतात, आणि आपली नावे तर त्यांनीच भरलेली: मार्टिन, फ्रान्सिस, ख्रिस्तिना. प्रत्येक नाव वहीशी ताडून पाहावे. या कामी युवक-युवतींचे साहाय्य घेता येईल, पण अंतिम तपासणी धर्मगुरूंनी करावी. आणखी एक गोष्ट: गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या नोंदींत जिल्ह्याचे नाव जसे असेल तसेच राहू द्यावे, उत्साहाच्या भरात ‘दुरुस्त’ करू नये.

उपकरणांपैकी प्रिंटर प्रथम पाहावा. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची २५ पिनांची जोडणी आजच्या यंत्रांत क्वचितच आढळते. यूएसबी रूपांतरक केबल कधी चालते, कधी नाही. डेस्कटॉपमध्ये समांतर पोर्टाचे कार्ड बसविणे अधिक भरवशाचे. प्रिंटरचा मॉडेल क्रमांक टिपून त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर उत्पादकाने दिला आहे का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. शक्य असल्यास प्रिंटरच दुकानात न्यावा व दाखल्याचा एक कोरा नमुना छापून पाहावा. व्हीजीए जोडणीचा जुना मॉनिटर एचडीएमआयच्या यंत्रास लावावयाचा तर साधी केबल पुरत नाही, संकेत बदलणारा ॲडॉप्टर लागतो. गोल पिनेचा कीबोर्ड मात्र खुशाल बदलावा, त्यात फारसा खर्च नाही.

यूपीएसवर व्हीए व वॅट असे दोन आकडे असतात. संगणक व मॉनिटर मिळून लागणारी वीज वॅटच्या आकड्याच्या आत असली पाहिजे. बॅटरीचे आयुष्य साधारण २५ अंश तापमान गृहीत धरून सांगितलेले असते आणि दर दहा अंशांच्या वाढीस ते जवळजवळ निम्मे होते. उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या चंद्रपुरात हे विसरून चालणार नाही. जेथे वीज दीर्घकाळ खंडित होते तेथे डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप श्रेयस्कर, मात्र त्यास जुनी उपकरणे जोडणे अधिकच कठीण. भामरागडसारख्या भागाचा पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने संपर्क तुटतो. अशा ठिकाणी खरेदी व चाचणी जूनपूर्वीच उरकावी.

नव्या यंत्रावरून बाप्तिस्मा व विवाह यांचा प्रत्येकी एक दाखला बिनचूक छापला जाईपर्यंत जुना संगणक हलवू नये. त्यानंतरही हार्डडिस्क काढून कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद ठेवावी, कारण फाइल पुसल्याने माहिती नष्ट होत नाही आणि तीत कुटुंबांची खासगी माहिती असते. उर्वरित सांगाडा व यूपीएसची बॅटरी भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावी.