अंबाझरीचं पाणी आणि हातातला फोन

२२ सप्टेंबर २०२३, शुक्रवार. गणपती बसून चौथा दिवस होता. नागपुरातल्या घराघरांत त्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं. मोठी भांडी घासून पालथी घातली होती, पाहुणे गादीवर आडवे झाले होते. मध्यरात्र उलटल्यावर पावसाला सुरुवात झाली आणि तीन-चार तासांत शहरात शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव आधीच भरलेला. तो ओसंडून वाहू लागला आणि पाणी नाग नदीच्या अरुंद झालेल्या पात्रात मावेना. मग ते कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, वर्मा लेआउट अशा तलावाखालच्या वस्त्यांमध्ये शिरलं. पुढे सीताबर्डीत मोरभवनच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या बसही पाण्यात गेल्या. सैन्य आणि आपत्ती प्रतिसाद दलांच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. किमान चार जणांचा जीव गेला, सुमारे दहा हजार घरांचं नुकसान झालं.

सकाळी उजाडेपर्यंत शहरभर व्हिडिओ फिरत होते. तरंगणाऱ्या मोटारी, पहिल्या मजल्यावरून मदत मागणारी माणसं, बोटीतून निघालेल्या म्हाताऱ्या आजी. नागपूरकराला आपल्या शहरात काय झालं ते फोनवर दिसलं, पुण्या-मुंबईतल्या आणि अमेरिकेतल्या नागपूरकरांनाही दिसलं. पण ज्यांच्या उशाशी फोन होता आणि ज्यांच्या पलंगाखाली पाणी आलं, त्यांना जाग बहुधा पाण्यानेच आली.

आपत्तीच्या काळात डिजिटल माध्यमं शहराला तारतात, असं गेल्या काही वर्षांत वारंवार सांगितलं जातं. ते खोटं नाही. पण ‘तारतात’ म्हणजे नेमकं काय करतात, हे सुटं करून पाहायला हवं. संकटात निरोप तीन दिशांनी जातो. एक खालून वर: किती पाऊस पडला, किती माणसं मेली, कुठे काय हवं, हे राज्यकर्त्याला कळणं. दुसरा आडवा: शेजाऱ्याने शेजाऱ्याला, अनोळख्याने अनोळख्याला सांगणं. आणि तिसरा वरून खाली: ज्याला धोका आधी कळला, त्याने तो ज्याच्यावर येणार आहे त्याला वेळेत सांगणं. नागपूरचा दीडशे वर्षांचा इतिहास या तीन दिशांनी वाचला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. पहिली वाट आपण फार पूर्वी बांधली. दुसरी लोकांनी स्वतः बांधली. तिसरी अजून कच्चीच आहे.

सुरुवात तारेपासून करू. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. १८६७मध्ये रेल्वे शहरात पोचली. रेल्वेबरोबर तार असायचीच. १८८०च्या दशकात दुष्काळ संहिता लागू झाल्या. धान्याचे भाव चढू लागले, माणसं गावं सोडून निघाली, चोऱ्या वाढल्या, की ही दुष्काळाची लक्षणं समजून वर कळवायची, अशी ती व्यवस्था होती. आजच्या भाषेत तिला ‘डॅशबोर्ड’ म्हटलं असतं. तरीही १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात मदतकार्य उशिरा सुरू झालं आणि माणसं मोठ्या संख्येने मेली. तीनच वर्षांनी, १८९९-१९००मध्ये, पुन्हा पाऊस दडी मारून बसला तेव्हा तेच प्रशासन लवकर हललं आणि मदतीची कामं मोठ्या प्रमाणावर काढली गेली. दोन्ही वेळी तार तीच होती, संहिताही तीच. बदलली होती ती निरोप वाचणाऱ्याची तयारी. मागच्या वेळची नाचक्की त्याच्या लक्षात होती.

१९१८चा इन्फ्लुएंझा आला तेव्हा या व्यवस्थेचा दुसरा दुबळेपणा उघडा पडला. त्या साथीत देशात सर्वाधिक मृत्युदर असलेल्या भागांमध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाड होते. गावात जन्म-मृत्यू झाला की त्याची खबर पोलीस ठाण्यात द्यायची, ती खबर जिल्ह्याला आणि मग नागपूरला जायची. पण साथ गावात शिरली की खबर देणाराही अंथरुणाला खिळायचा. मेलेल्यांची मोजणी नीट झालीच नाही. १९२१ची जनगणना झाली तेव्हा कुठे आकड्यांमधली पोकळी दिसली. निरोपाची साखळी कितीही लांब असली, तरी तिचं पहिलं टोक एका माणसाच्या हातात असतं. तो माणूस पडला की वरच्या कचेरीत शांतता पसरते, आणि त्या शांततेचा अर्थ ‘सगळं ठीक आहे’ असा काढला जातो.

आता एक जवळची गोष्ट. नागपूर जिल्ह्यातच, नरखेड तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी मोवाड आहे. ३० जुलै १९९१ रोजी नदीचा पूर गावात घुसला आणि २०४ माणसं गेली. मोवाडमध्ये आजही त्या तारखेला मृतांना श्रद्धांजली वाहतात. भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ला, म्हणजे मोवाडनंतर चार वर्षं आणि एका दिवसाने. तेव्हा फोन असते तर मोवाड वाचलं असतं का? सहज ‘हो’ म्हणावंसं वाटतं. पण २०२३ची नागपूरची रात्र आठवली की जीभ अडखळते.

मध्ये एक संकट असं आलं, ज्यात फोनने खरोखर माणसं वाचवली. २०२१चा एप्रिल. नागपूर जिल्ह्यात दिवसाला सात हजारांहून अधिक नवे कोरोनाबाधित सापडत होते. मेडिकल, मेयो आणि खाजगी दवाखान्यांत खाट मिळणं मुश्कील होतं. त्या दिवसांत ज्याच्या हातात फोन होता, त्याला आठवत असेल: रक्तगट, ऑक्सिजनची पातळी, वय, वस्तीचं नाव, आणि शेवटी ‘प्लीज फॉरवर्ड’. शाळेच्या बॅचचे, गणेश मंडळांचे, सोसायट्यांचे, कचेऱ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट रातोरात नियंत्रण कक्ष झाले. एरवी सुप्रभाताची फुलं पाठवणारी माणसं यादीतला प्रत्येक नंबर फिरवून पाहत होती आणि समोर लिहीत होती: ‘उचलत नाहीत’, ‘दोन खाटा आहेत, आत्ता विचारलं’, ‘हा नंबर बंद’.

ते शेवटचे तीन-चार शब्दच मोलाचे होते. नुसती यादी कुणीही फिरवू शकत होतं. ‘आत्ता विचारलं’ असं वेळेसकट लिहिणारा माणूस त्या यादीत जीव आणत होता. महापालिकेने खाटांची माहिती ऑनलाइन दिली होती, पण पडद्यावरचा आकडा आणि दारातली परिस्थिती यांत काही तासांचं अंतर पडलं की आकडा निरुपयोगी व्हायचा. हे अंतर लोकांनी आपसांत फोन करून भरून काढलं.

याच आडव्या वाटेने चुकाही तितक्याच वेगाने धावल्या. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२०मध्येच दवाखान्यातल्या कोरोना रुग्णांना रेमडेसिविर देऊ नये असा सल्ला दिला होता. मृत्यू टळतात याचा पुरेसा पुरावा नव्हता. पण नागपुरात त्या कुप्यांसाठी जिवाचा आटापिटा चालला होता. १९ एप्रिलला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला शहरासाठी दहा हजार कुप्या तातडीने देण्याचा आदेश द्यावा लागला. डॉक्टरने चिठ्ठी लिहिली, नातेवाइकाने ती गटावर टाकली, आणि प्रत्येक फॉरवर्डगणिक त्या औषधावरचा विश्वास वाढत गेला. व्यासपीठ गरज पोचवतं. गरज खरी आहे का, हे ते तपासत नाही.

शिवाय निरोपाने प्राणवायू येत नाही. २३ एप्रिलच्या रात्री विशाखापट्टणमहून निघालेली ऑक्सिजन एक्स्प्रेस नागपूरला लागली. सात टँकरांपैकी तीन इथे उतरले, बाकीचे नाशिककडे गेले. शहरातले वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी स्वखर्चाने टँकर मिळवून दवाखान्यांना प्राणवायू पोचवला. फोनवरच्या हाकेला दुसऱ्या टोकाला रूळ, टँकर आणि चालक होते, म्हणून त्या हाकेला अर्थ आला.

आणि ज्यांच्याकडे हाक मारायलाच फोन नव्हता? १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली तेव्हा कोविनवर आधी नोंदणी करणं सक्तीचं होतं. शहरातल्या तरुणांनी चपळ बोटांनी खेड्यातल्या केंद्रांवरच्या जागा पकडल्या आणि मोटारी काढून तिकडे गेले. त्या गावातला शेतमजूर बघत राहिला. ३१ मे २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला या डिजिटल दरीबद्दल थेट विचारलं. पुढे केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची मुभा सर्वांना मिळाली.

म्हणजे २०२१ने नागपूरला शिकवलं की आडवी वाट मजबूत आहे, फक्त तिच्यावर पहारा हवा. प्रश्न उरतो तिसऱ्या वाटेचा, आणि तिथे आपण पुन्हा अंबाझरीच्या काठावर येतो.

हा तलाव १८७०च्या सुमारास शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला. त्याच्या बांधाखाली तेव्हा वस्ती नव्हती. नंतर शहर वाढलं आणि लेआउट पडत गेले. नाग नदी, जिच्यावरून शहराचं नाव पडलं ती, नाल्यासारखी वागवली गेली. सांडव्यासमोरचं विवेकानंद स्मारक पाण्याला अडथळा ठरतं का, यावरून पुरानंतर रहिवाशांची याचिका नागपूर खंडपीठापुढे गेली. ही भौतिक कारणं आधी. कुठलंही अ‍ॅप नदीचं पात्र रुंद करत नाही.

पण निरोपापुरतं बोलायचं, तर अंबाझरीच्या आसपास माहितीची कमतरता नव्हती. हवामान विभागाचं प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे, डॉप्लर रडार आहे. राज्याचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र तर तलावाजवळच, व्हीएनआयटीच्या आवारात आहे. ‘स्मार्ट सिटी’च्या नावाने शहरभर साडेतीन हजारांहून अधिक कॅमेरे बसवले गेले आहेत. पाऊस रडारवर दिसत असतो, चौकातलं पाणी कॅमेऱ्यात दिसत असतं. हे सगळं खालून वर जाणारं ज्ञान आहे, १८८०च्या संहितेचीच वाढलेली शाखा. पण ‘उठा, वरच्या मजल्यावर जा’ एवढं वाक्य पहाटे बांधाखालच्या वस्तीपर्यंत नेणारी सवयीची, रुळलेली वाट मात्र नव्हती.

हे दुखणं एकट्या नागपूरचं नाही. जुलै २०२१मध्ये जर्मनीत पूर आला आणि १८०हून अधिक माणसं मेली. युरोपच्या पूर-इशारा यंत्रणेने काही दिवस आधी धोका वर्तवला होता. तो कचेऱ्यांपर्यंत गेला, आर नदीच्या खोऱ्यातल्या कित्येक घरांपर्यंत गेला नाही. त्यानंतर जर्मनीने सेल ब्रॉडकास्ट सुरू केलं. या पद्धतीत टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकाच वेळी इशारा देतो. नंबर लागत नाही, अ‍ॅप लागत नाही, आणि जाळ्यावर गर्दी झाली तरी निरोप अडत नाही. नेदरलँड्समध्ये हे २०१२पासून आहे. भारतातही जुलै २०२३पासून त्याच्या चाचण्या झाल्या. फोन अचानक कर्कश वाजला आणि ‘हा चाचणी संदेश आहे’ असं पडद्यावर आलं, ते अनेकांना आठवत असेल. नागपूरचा पूर त्यानंतर दोनच महिन्यांनी आला.

मग तंत्र हातात असताना निरोप का जात नाही? कारण वरून खाली निरोप पाठवणं ही तांत्रिक कृती कमी आणि जबाबदारीची कृती अधिक आहे. पहाटे अडीच वाजता अर्ध्या शहराला उठवायचं आणि पाणी आलंच नाही, तर दुसऱ्या दिवशी हसं होणार. न उठवता पाणी आलं, तर ‘अभूतपूर्व पाऊस’ म्हणता येतं. या दोन्हींतून काय निवडायचं, हे जोपर्यंत एका अधिकाऱ्याच्या मनाच्या धाडसावर सोडलेलं आहे, तोपर्यंत बहुतेक रात्री शांततेतच जाणार. पातळी अमुक खुणेला टेकली की इशारा गेलाच पाहिजे, असं कागदावर लिहून ठेवावं लागतं. खोटा ठरलेला इशारा हा गुन्हा नाही, हेही लिहून ठेवावं लागतं. दुष्काळ संहितेने भावांच्या बाबतीत नेमकं हेच करायचा प्रयत्न केला होता.

त्या पहाटे पुरातून सोडवलेल्यांमध्ये मूकबधिर मुलांच्या शाळेतले विद्यार्थीही होते. सगळ्यात उत्तम यंत्रणा त्या रात्री चालू असती, शहरातला प्रत्येक फोन वाजला असता, तरी तो आवाज त्यांना ऐकू आला नसता. त्यांना कुणीतरी हाताने हलवून उठवावं लागलं असतं. म्हणून प्रत्येक वस्तीत, इशारा आल्यावर कोणाचं दार कोणी ठोठवायचं, याची एक यादी लागते. ती गणेश मंडळं करू शकतात, सोसायट्या करू शकतात. वर्गणीसाठी प्रत्येक घर त्यांना पाठ असतंच. २०२१मध्ये ‘आत्ता विचारलं’ असं लिहिणारी माणसं याच गटांमध्ये होती आणि अजूनही आहेत.

पुरानंतर घरोघरी पंचनामे झाले. सरकारने प्रत्येक घरामागे दहा हजार रुपये जाहीर केले. भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं, त्याची ओली रेघ लोकांनी फोनमध्ये टिपून ठेवली, नंतर रंगाचा हात मारला. ते फोटो अजून हजारो फोनांत आहेत. ते एकत्र केले, तर कोणत्या गल्लीत पाणी किती चढतं याचा नकाशा तयार होईल. अंबाझरी कोणत्या खुणेला पोचली की कोणाला उठवायचं, हे त्यावरून ठरवता येईल. फोन बदलले की ते फोटो जातील. १९१८ची मोजणी अशीच गेली होती.