मेंदूतील संवेदी क्षेत्राचा शोध
मेंदूच्या बाह्यकातील (बाहेरील करड्या थरातील) प्रेरक क्षेत्र प्रथम प्राण्यांत आढळले. १८७० मध्ये गुस्टाफ फ्रिच व एडूआर्ट हिट्‌सिख यांनी कुत्र्याच्या बाह्यकाच्या पुढील भागास सौम्य विद्युत् प्रवाह दिला, तेव्हा शरीराच्या विरुद्ध बाजूचे स्नायू आकुंचन पावले. हालचाल निरीक्षकाला दिसते. संवेदना मात्र ज्याची त्यालाच कळते. त्यामुळे संवेदी क्षेत्राच्या निश्चितीसाठी जागा व बोलू शकणारा रुग्णच आवश्यक होता. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे १८७४ मध्ये रॉबर्ट्‌स बार्थोलो यांनी, व्रणामुळे कवटी झिजलेल्या एका स्त्रीच्या उघड्या मेंदूत सुया घालून विद्युत् प्रवाह सोडला. उजव्या हातापायांत मुंग्या आल्याचे तिने सांगितले. प्रवाह वाढविल्यावर तिला झटके आले व काही दिवसांनी ती मरण पावली. या प्रयोगावर कठोर टीका झाली, ती रास्तच होती. १९०९ मध्ये हार्वी कुशिंग यांनी उपचारार्थ शस्त्रक्रिया चालू असताना दोन जागृत रुग्णांत मध्यवर्ती खाचेमागील वळीचे उद्दीपन केले. (मेंदूच्या ऊतकाला स्वतःला वेदना होत नाही.) रुग्णांना हातात संवेदना जाणवल्या. पुढे मॉंट्रिऑल येथे वाइल्डर पेनफील्ड व एडविन बोल्ड्री यांनी शंभराहून अधिक रुग्णांच्या निरीक्षणांवरून १९३७ मध्ये सविस्तर नकाशा प्रसिद्ध केला. त्यात ओठ, जीभ व बोटे यांची क्षेत्रे धडाच्या क्षेत्रापेक्षा कितीतरी मोठी आहेत.