निफाडमधली थंडी १२ किलोमीटर उंचीवर कशी ठरते?

निफाडचा पारा ५ अंशांच्या खाली गेला की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात. कडाक्याच्या थंडीत मणी तडकण्याची भीती असते. चार दिवसांनी त्याच गावात स्वेटर नकोसा होतो. सूर्य तोच, महिना तोच, मग हा फरक येतो कुठून?

हिवाळ्यात उत्तर भारतावरून साधारण १२ किलोमीटर उंचीवर वाऱ्याचा एक वेगवान पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हीच जेट स्ट्रीम. तिचा वेग अनेकदा ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातो. मात्र ती सरळ वाहत नाही, नदीसारखी वळणं घेते. या प्रवाहाबरोबर भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी झंझावात भारताकडे येतात.

खरी गंमत वळणाच्या दोन बाजूंना आहे. दक्षिणेकडे झुकलेलं वळण जवळ येत असताना त्याच्या पुढच्या भागात दक्षिणेकडून दमट वारे येतात आणि ढग जमतात. ढग रात्री गोधडीसारखं काम करतात. जमिनीची उष्णता अडते आणि किमान तापमान वाढतं. वळण पुढे सरकलं की चित्र उलटतं. वरची कोरडी हवा खाली बसते, आकाश निरभ्र होतं, उत्तरेकडचे वारे सुरू होतात. गोधडी निघाल्यामुळे जमीन रातोरात थंड पडते.

म्हणूनच ‘काश्मीरमध्ये बर्फ पडला, आता आपल्याकडे थंडी’ हे व्हॉट्सॲपवरचं गणित अर्धवट आहे. बर्फ तिकडची हवा गार करतो, पण ती इकडे आणायला उत्तरेचे वारे लागतात. पाठोपाठ दुसरा झंझावात आला, तर हे वारे टिकत नाहीत. कधी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे महाराष्ट्रात शिरतात. मग थंडी गायब आणि आभाळ भरलेलं. बागायतदारांना हे दिवसही जड जातात, कारण अशा हवेत द्राक्षांवर डावणी आणि भुरी या रोगांचा धोका वाढतो.

आणि हो, गारठा जाणवला म्हणजे लगेच ‘थंडीची लाट’ होत नाही. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल, तर हवामान विभाग लाट म्हणतो. पारा थेट ४ अंशांवर आला, तर सरासरी बघितली जात नाही. किनारपट्टीला सवलत आहे: तिथे सरासरीपेक्षा तेवढीच घट असेल, तर १५ अंशही पुरतात.