माप-वजन रूपांतर, बेकिंगमधील

केक, बिस्किटे, पाव इ. पदार्थांच्या कृतींत कप, वाटी वा चमच्याने सांगितलेले घटक ग्रॅममध्ये मांडण्याची रीत. घटकाचे आकारमान (मिलि.) गुणिले त्याची स्थूल घनता (ग्रॅ. प्रति मिलि.) म्हणजे वजन, एवढेच त्यामागचे गणित आहे. द्रवांना ते सरळ लागू पडते. पिठांची घनता मात्र कणांमध्ये किती हवा अडकली आहे त्यावर बदलत राहते.

कप व वाटी : अमेरिकी कप २३६.६ मिलि.चा असतो, तेथील पोषणविषयक लेबलांसाठी तो २४० मिलि. धरतात. ऑस्ट्रेलियातील कप २५० मिलि., जपानमधील २०० मिलि. टेबलचमचा बहुधा १५ मिलि., ऑस्ट्रेलियात मात्र २० मिलि. भारतात विकल्या जाणाऱ्या कपांच्या संचांत २४० आणि २५० मिलि. दोन्ही आढळतात. मराठी पाकपुस्तकांत वाटी-चमच्याचे प्रमाण देण्याची प्रथा आहे. कमलाबाई ओगले यांचे *रुचिरा* (१९७०) हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. वाटीला ठरीव आकार नसला, तरी सर्व घटक एकाच वाटीने मोजले तर परस्परप्रमाण टिकते. नानकटाई त्यामुळे बिघडत नाही. केकमध्ये अंडी नगावर आणि लोणी पाकिटावर घेतले, की वाटी लहान-मोठी असल्याचा परिणाम दिसू लागतो.

मैदा : सर्वाधिक मतभेद याच घटकाबाबत आहेत. अमेरिकेतील किंग आर्थर ही पीठ-कंपनी १ कप मैदा १२० ग्रॅ. धरते, तेथील कृषी खात्याच्या तक्त्यात तो १२५ ग्रॅ. आहे, तर *कुक्स इलस्ट्रेटेड* हे नियतकालिक ५ औंस, म्हणजे सु. १४२ ग्रॅ. धरते. यांपैकी एकही आकडा चूक म्हणता येत नाही. फरक भरण्याच्या पद्धतीचा आहे. पीठ हलवून मोकळे करून चमच्याने कपात सोडले व वर सुरी फिरवली, तर वजन कमी भरते. कप थेट डब्यात खुपसून काढला, तर पीठ दबते. ठोकून भरले किंवा वर शीग ठेवली, तर अंदाज करण्यात अर्थ नाही. चाळणीचाही प्रश्न आहे : चाळून मग मोजलेला कप आणि मोजून मग चाळलेला कप यांत मैदा सारखा नसतो, आणि कृती लिहिणारे हा भेद क्वचितच स्पष्ट करतात.

पावात याचा परिणाम लगेच जाणवतो. ४ कप मैदा व ३२० मिलि. पाणी अशी कृती घेतली, तर कप १२० ग्रॅ.चा धरल्यास मैदा ४८० ग्रॅ. होतो व पाण्याचे प्रमाण पिठाच्या सु. ६७ टक्के येते. कप १४५ ग्रॅ.चा भरला, तर मैदा ५८० ग्रॅ. होऊन तेच प्रमाण ५५ टक्क्यांवर उतरते. पहिली कणीक हाताला चिकटते, दुसरी घट्ट होते. कृती मात्र अक्षरशः तीच. म्हणूनच व्यावसायिक बेकरीत पीठ १०० धरून उरलेले घटक त्याच्या टक्केवारीत सांगतात व सर्व काही तोलून घेतात.

इतर घटक (अमेरिकी कपास, स्थूलमानाने) : साखर २०० ग्रॅ.; पिठीसाखर ११५ ते १२०; दाबून भरलेली ब्राउन शुगर २१५ ते २२०; लोणी २२७; पातळ तूप व तेल २१५ ते २२०; दूध २४५; मध ३४०; रवा सु. १६५. कोकोचे आकडे ८५ ते १०० असे विखुरलेले आढळतात. साखरेचा आकडा बारीक दाण्याच्या साखरेचा आहे. भारतातील जाड दाण्याच्या साखरेला तो जसाच्या तसा लागू होईलच असे नाही.

अंडी : अमेरिकी ‘लार्ज’ अंडे कवचाविना सु. ५० ग्रॅ.

इतिहास : सपाट कप व सपाट चमचा यांचा आग्रह फॅनी फार्मर यांच्या १८९६ मध्ये बॉस्टन येथे प्रसिद्ध झालेल्या पाकपुस्तकाने रूढ केला. यूरोपात वजनाची परंपरा कायम राहिली.

मर्यादा : घरगुती तराजू बहुधा १ ग्रॅ.पर्यंतच दाखवतो. चहाचा चमचाभर यीस्ट सु. ३ ग्रॅ. आणि बेकिंग पावडर ४ ते ५ ग्रॅ. भरत असल्याने इतक्या लहान वजनात एका ग्रॅमची चूकही मोठी ठरते. हे घटक तोलण्यापेक्षा सपाट चमच्यानेच मोजावेत.