कातडी वाचवणारा डिंक

रुग्ण वाचला की शस्त्रक्रियेची गोष्ट संपली, असं आपण धरून चालतो. इलिओस्टोमीच्या रुग्णाचे हाल तिथूनच सुरू व्हायचे. लहान आतड्याचं तोंड, म्हणजे स्टोमा, पोटाच्या कातडीशी जवळजवळ सपाट असे. त्यातून येणाऱ्या पातळ मळात पाचक रस असतात. ते पिशवीखाली झिरपले की कातडी सोलून निघायची.

१९५२ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यांनी आतड्याचं टोक बाहीसारखं उलटं दुमडून शिवलं. तोटी तयार झाली, मळ सरळ पिशवीत पडू लागला. त्याच दशकात अमेरिकेत क्लीव्हलँडच्या रूपर्ट टर्नबुल यांनी ओलसर कातडीवर कराया डिंक वापरला. हा कराया म्हणजे आपल्या रानातल्या कांडोळाचा, पांढऱ्या खोडाच्या त्या ‘भुताच्या झाडा’चा डिंक! १९५८ मध्ये त्यांनी नोर्मा गिल यांना रुग्णांना शिकवायला नेमलं. त्यांची स्वतःची इलिओस्टोमी झालेली होती.

पुढे करायाच्या जागी पेक्टिन, जिलेटिनच्या चकत्या आल्या. पण नियम तेच राहिले: चकतीचं भोक स्टोमाच्या मापाचं कापा, कातडी कोरडी करून मगच चिकटवा, गळू लागलं तर वरून पट्टी न मारता पिशवी बदला. आग होत असेल तर सोसू नका. आधी फट कुठे राहिली ते बघा, नाहीतर नर्सला दाखवा.