दाराबाहेरची जागा

वडगाव हे बेळगावच्या दक्षिण अंगाचे विणकरांचे उपनगर. येथील जुनी घरे बांधली गेली ती मागासाठी. मनुष्य मागाच्या कडेकडेने राहात असे. पुढे सोपा, मध्ये माग, मागे परसू, आणि दारासमोर एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढी गल्ली. अशा घरात बिऱ्हाड घेणाऱ्याला घरमालकापाशी तीन गोष्टी विचाराव्या लागत: भाडे किती, पाणी कोठले, आणि माग बसवता येईल की नाही. जुन्या गल्ल्या सोडून येळ्ळूर रस्त्याच्या अंगाला निघाले, की आज मजल्यांवर मजले चढलेल्या इमारती लागतात आणि तेथे चौथा प्रश्न उभा राहतो: गाडी कोठे लावायची? घरमालक जिन्यातून खाली बोट दाखवतो आणि म्हणतो, "तो दुसरा खांब दिसतो ना, त्याच्या अलीकडची जागा तुमचीच समजा." पुढे दोन महिन्यांनी त्या खांबाशी दुसऱ्या कोणाची गाडी उभी राहते, आणि मग जे भांडण जुंपते त्याचे मूळ बहुधा त्या 'समजा' ह्या शब्दात असते.

हे भांडण वरवर पाहता मोटारीइतकेच नवे वाटते. वस्तुतः भाड्याने घेतलेले घर कोठे संपते, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे, आणि तो प्रश्न बराच जुना आहे. १८८२ साली मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा झाला व १ जानेवारी १८९३ पासून तो मुंबई इलाख्यास लागू करण्यात आला. त्याच्या आठव्या कलमात घराबरोबर आपोआप काय काय जाते, ह्याची मोठी गमतीदार मोजदाद आहे. कुलपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या, आणि घराच्या कायम उपयोगासाठी केलेल्या इतर सर्व वस्तू! कायदा लिहिणाऱ्याने उंबरठ्यापर्यंतच्या एकेका वस्तूवर बोट ठेवले आहे. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकल्यावर मात्र त्याची लेखणी आखडते. तेथे तो एवढेच म्हणतो, की घराला जोडून जे वहिवाटीचे हक्क असतील ते घराबरोबर जातात. ते आहेत की नाहीत, हे ज्याने त्याने सिद्ध करावयाचे.

पहिल्या महायुद्धाने मुंबईत घरांची टंचाई झाली आणि १९१८ साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडाशी १९३९ मध्ये दुसरा, १९४४ मध्ये तिसरा, आणि स्वातंत्र्याबरोबर १९४७ चा तो प्रसिद्ध कायदा, जो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाणभाडे, हे त्याचे सूत्र लोकांच्या तोंडी बसले. पागडीला बंदी हे दुसरे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यातील 'जागा' ह्या शब्दाचे स्पष्टीकरण. इमारत किंवा तिचा भाग म्हणजे जागा; आणि तिच्यात तिला जोडून असलेली बाग, मोकळे आवार, गॅरेज आणि उपगृहे हीही आली. गॅरेज! ज्या काळी चाळीतल्या माणसाच्या स्वप्नातही मोटार येत नव्हती, त्या काळी कायद्याने गॅरेजला घराच्या पंक्तीला बसवले. त्यातील मर्म असे, की घराबरोबर जे आवार वा गॅरेज दिले, ते घराचेच अंग ठरले. त्याला वेगळा बाजार दाखवून भाडेकरूला अडवता येऊ नये.

तथापि त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमाकडेही पाहावे. मालकाने भाडेकरूची कोणती सोय तोडू नये, हे तेथे सांगितले आहे: पाणी, वीज, जिन्यातला व वाटेतला दिवा, लिफ्ट, झाडलोट. ह्या यादीत गाडी उभी करण्याची जागा नावाने कोठेही नाही. म्हणजे पाणी तोडणाऱ्या मालकाला कायद्याने कलम दाखवून धरता येत होते; खांबाशी दगड मांडून जागा अडवणाऱ्याशी ती जागा घराला 'जोडून' होती की नव्हती, ह्यावर वाद घालावा लागत होता.

बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने तो म्हैसूर राज्यात गेला. माणसे, भाषा, घरे व भाडी होती तेथेच राहिली. त्यांच्यावरचे सरकार तेवढे बदलले. कायदे मात्र एका रात्रीत बदलत नाहीत, आणि जुन्या मुंबई राज्याचे कित्येक कायदे ह्या मुलखात पुढेही चालत राहिले. १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले, तेव्हा कायद्याच्या पुस्तकांतील 'मुंबई क्षेत्र' हा शब्दप्रयोग पुसून त्या जागी 'बेळगाव क्षेत्र' असा शब्द घालण्यात आला. बेळगावच्या वाट्याला आलेला हा मान तसा विचित्रच म्हणावा लागेल. भाड्याच्या बाबतीत मात्र नवा कायदा त्यापूर्वीच आला होता. म्हैसूर भाडेनियंत्रण कायदा ३१ डिसेंबर १९६१ पासून लागू झाला. त्यानेही बाग, आवार व उपगृहे इमारतीत धरली.

तो काळ गाडीचा नव्हताच. कारखान्यातून निघणाऱ्या मोटारी थोड्या, आणि स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ज्याच्यापाशी सायकल होती तो ती खांद्यावर घेऊन जिना चढे किंवा सोप्यात भिंतीला टेकवी. त्यासाठी मालकाच्या वचनाची गरज नव्हती. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि पुढल्या वीस वर्षांत मध्यमवर्गाचे दार व रस्ता ह्यांमधली ती चार हातांची पट्टी एकाएकी मोलाची झाली.

नेमक्या ह्याच वेळी कायद्याने अंग काढून घेतले, हे ह्या इतिहासातील सर्वांत मोठे वळण होय. कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आला. मोठ्या शहरांत महिना साडेतीन हजार रुपयांहून, आणि इतरत्र दोन हजारांहून अधिक भाडे असलेल्या जागा त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या. त्या दिवशी हे आकडे मोठे भासले असतील. आज मोटार उभी करता येईल अशा इमारतीतील फ्लॅट त्या भाड्यात मिळणे कठीणच. त्यामुळे ज्याच्यापाशी गाडी आहे तो भाडेकरू बहुधा ह्या कायद्याच्या छत्राबाहेर पडतो आणि पुन्हा १८८२ च्या त्या कुलूपकिल्ल्यांच्या कलमापाशी आणि स्वतः सही केलेल्या कागदापाशी येऊन उभा राहतो.

हा कागद कसा असतो? तो बहुधा अकरा महिन्यांचा असतो. कारण एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो आणि नोंदणीचा खर्च व खटाटोप दोघांनाही नको असतो. त्याचा मजकूर ठराविक साच्यातला असतो: खोल्या किती, पंखे किती, नळ किती, अनामत किती. भाषा इंग्रजी किंवा कन्नड. उलट जे बोलणे झालेले असते ते मराठीत, जिन्यात उभ्याने. खांबाशेजारची जागा त्या बोलण्यात असते, कागदात नसते.

मग त्या बोलण्याची किंमत काय? १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने ह्यास दिलेले उत्तर १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. जेव्हा अटी लेखी उतरवल्या जातात, तेव्हा त्या अटींना छेद देणारे तोंडी बोलणे पुराव्यात चालत नाही. परंतु त्याला एक अपवाद आहे, आणि भाडेकरूची सारी भिस्त त्या अपवादावर. ज्या गोष्टीविषयी कागद गप्प आहे आणि जी त्यातील अटींच्या विरुद्ध जात नाही, ती स्वतंत्र तोंडी ठरली होती असे सिद्ध करता येते. मात्र कागद किती विधिपूर्वक केला आहे, हे न्यायालयाने पाहावयाचे. भाडेकरू म्हणतो, कागदात गाडीचा उल्लेख नाही, म्हणजे कागद गप्प आहे, माझे ऐका. मालक म्हणतो, पंख्यांची संख्यासुद्धा जेथे लिहिली तेथे जागा लिहिली नाही, ह्याचा अर्थ ती दिलीच नाही. दोघांचेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे, ही खरी अडचण. साक्षीला शेजारी लागतो, आणि शेजाऱ्याला त्याच आवारात स्वतःची गाडी लावायची असते!

कागदाच्या मौनाचा अर्थ लावण्याचा असाच प्रसंग ब्रिटनच्या उत्तर टोकाला, शेटलंड बेटांवर, उद्भवला होता. समुद्राच्या काठाशी, उभ्या चढाच्या पायथ्याला एक घर. १९७३ च्या दस्ताने त्या घराला शेजारच्या जमिनीवरून येण्याजाण्याचा हक्क दिलेला. गाडी उभी करण्याविषयी एक अक्षर नाही. गाडी घरापर्यंत उतरू शकत नव्हती, म्हणून ती वर शेजाऱ्याच्या जमिनीत ठेवली जाई. शेजाऱ्याने अडवले, वाद वाढत वाढत लॉर्ड्सच्या सभागृहापर्यंत गेला, आणि २००७ साली निर्णय झाला की अशा परिस्थितीत गाडीने येण्याच्या हक्कातच ती उभी करण्याचा हक्क सामावलेला आहे. कारण त्यावाचून पहिला हक्क फुकट जातो. हा निर्णय त्या विशिष्ट जागेच्या अडचणीवर उभा आहे, हे विसरता कामा नये. ज्या फ्लॅटच्या समोर सार्वजनिक रस्ता आहे, तेथील भाडेकरूला असा युक्तिवाद करणे सोपे नाही.

येथपर्यंत मालकाने वचन दिले की नाही, ह्याचा विचार झाला. परंतु दिलेले वचन पाळणे मालकाच्या हाती होते का? चाळीचा वा वाड्याचा मालक आवाराचाही मालक असे. फ्लॅटचा मालक तसा नसतो. मुंबईत दहिसर येथे पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यात पंचवीस गाड्यांच्या जागा होत्या. बांधकाम करणाऱ्या कंपनीचे म्हणणे, त्या जागा आपल्या. संस्थेने त्यांत अडथळा करू नये. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्यात फ्लॅटच्या व्याख्येत गॅरेजचा उल्लेख आहे, त्याचा तिने आधार घेतला. दिवाणी न्यायालयात तिचा दावा फेटाळला गेला, उच्च न्यायालयातही गेला, आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला: खांबांमधली उघडी जागा म्हणजे गॅरेज नव्हे, आणि ती स्वतंत्र फ्लॅटही नव्हे, ती इमारतीच्या सामाईक जागांचा भाग असून बांधणाऱ्याला ती वेगळी विकता येत नाही.

हा निकाल बांधणारा व संस्था ह्यांच्यामधला आणि महाराष्ट्राच्या कायद्यावरचा. तरी भाडेकरूच्या प्रश्नावर त्याचा उजेड पडतो. जी जागा सर्वांची सामाईक, ती एका फ्लॅटचा मालक आपल्या भाडेकरूला कोणत्या अधिकाराने देणार? फार तर संस्थेने त्याला दिलेली वापराची मुभा तो पुढे देऊ शकतो, आणि तीही संस्थेचे नियम परवानगी देतील तेवढीच. कर्नाटकाच्या १९७२ च्या अपार्टमेंट मालकी कायद्यातही, इमारतीच्या घोषणापत्रात वेगळे काही म्हटले नसेल तर, गाड्या लावण्याच्या जागा सामाईक जागांत मोडतात. वडगावच्या त्या दुसऱ्या खांबाचा मालक कोण, हे त्या घोषणापत्रात पाहावयाचे असते. आणि भाड्याने घर घेताना ते पाहायला मागणारा मनुष्य विरळा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने छप्पर व तीन बाजूंना भिंती असतील तेच गॅरेज, अशी व्याख्या करून उघड्या वाहनतळाला सामाईक जागांत टाकले. महाराष्ट्राच्या स्थावर संपदा प्राधिकरणाने एप्रिल २०२४ मध्ये आणखी पुढे जाऊन, आच्छादित जागा विकताना तिचे मोजमाप व ठिकाण कराराच्या जोडपत्रात लिहिलेच पाहिजे असा आदेश काढला. विकत घेणाराच्या हाती अशा रीतीने मोजमापाचा कागद आला. भाड्याने घेणाराला तो कोणी दाखवत नाही.

जपानात हीच गोष्ट उलट्या टोकाने धरली गेली. तेथे १९६२ च्या कायद्याने गाडी घेणाऱ्यावर ती ठेवण्याची जागा दाखवण्याचे बंधन घातले. जागा दुसऱ्याची असेल तर तिच्या मालकाचे लेखी संमतिपत्र आणि जागेचा नकाशा पोलीस ठाण्यात द्यावा लागतो. तेथे 'समजा' म्हणून भागत नाही. गाडीच दारात येत नाही.

आपल्याकडे ह्या बाबतीत सरहद्दीच्या दोन बाजूंना दोन न्याय आहेत. निपाणी ओलांडून कोल्हापुराकडे गेले, की महाराष्ट्राचा १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा लागतो. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे भाड्याचा करार लेखी असला पाहिजे व तो नोंदवला पाहिजे. आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण शिक्षेहूनही महत्त्वाची आहे ती पुढची तरतूद. असा नोंदवलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली ह्याविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे एकाच मराठीत, एकाच प्रकारच्या जिन्यात उच्चारलेले "ती जागा तुमचीच समजा" हे वाक्य नोंदणीच्या कागदावाचून कोल्हापुरात बोलले गेले, तर ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर पडतो; वडगावात बोलले गेले, तर ते खरे ठरवण्याचा भार भाडेकरूवर.